चार खाटांना एक मग

त्या खोलीचं दार आतून उघडायचं, पण उघडायचं नाही असा नियम होता. बाहेर लाल पाटी. आत मी आणि माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. आत्यांच्या रक्तात नेहमीच्या औषधांना दाद न देणारे जंतू शिरले होते. ते आणखी कुणाला जाऊ नयेत म्हणून सांगलीच्या त्या इस्पितळात आम्हा दोघींना वेगळं ठेवलं होतं. डबा दाराशी यायचा. साताऱ्याहून आलेले नातेवाईक काचेतून हात करून परत जायचे. "मला वाळीत टाकलंय का गं?" आत्या विचारायच्या. तसंच समजा आणि गोळी घ्या, असं मी सांगायचे.

त्याआधी आम्ही खाली, हाडांच्या बायकांच्या वॉर्डात होतो. आत्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. आमच्या कोपऱ्यातल्या चारही बायकांना लघवीची नळी होती. पिशवी भरली की मापाच्या मगात ओतायची, आकडा कागदावर लिहायचा आणि मगातलं संडासात ओतून यायचं. काम आयामावशींचं, पण मावशी एक आणि वॉर्ड भरलेला. म्हणून ते नातेवाईकच करायचे. वरच्या कुणी विचारलं तर मात्र मावशींचं नाव सांगायचं, हे सगळ्यांना न शिकवता ठाऊक होतं.

मी शाळेच्या कार्यालयात काम करते. गोंधळ दिसला की मला तक्ता सुचतो. चार जणींनी दिवसभर हेलपाटे कशाला घालायचे? मी पाळ्या लावल्या. जिची पाळी तिनं चारही पिशव्या रिकाम्या करायच्या. तक्ता भिंतीवर चिकटवला. हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही, हा नियमही माझाच. मोजे एकदा चढवायचे आणि चारही खाटा उरकायच्या. मगही एकच.

शेजारच्या खाटेवर पाटणकडची एक मुलगी होती, गाडीवरून पडून कंबरेचं हाड मोडलेली. तिची आई माझ्याच वयाची. तिला तो तक्ता फार आवडला. मी डबा उघडला की माझी पाळीही तीच उरकायची. "ऱ्हाऊ द्या ताई, तुमी जेवा. चार काय न् धा काय," म्हणायची.

मग आत्यांना थंडी वाजून ताप भरला आणि आम्हाला वर हलवलं. काही दिवसांनी नर्सकडून कळलं, पाटणच्या मुलीलाही तसाच ताप आलाय, ती आयसीयूत आहे.

हे जंतू एका खाटेवरून दुसरीवर कसे जातात, यावर इस्पितळात संशोधन चालू होतं. त्या कामावरच्या एक सिस्टर गाऊन चढवून आमच्या खोलीत यायच्या, प्रश्न विचारायच्या. पिशवी कोण रिकामी करायचं, या प्रश्नाला मी पहिल्याच दिवशी "मावशी" म्हणून मोकळी झाले होते.

मुलीचं कळलं तेव्हा मला सगळं उलगडलं: तेच मोजे, तोच मग, चारही खाटा. खाली अजून दोन बायका होत्या आणि तक्ता भिंतीवरच होता. सांगितलं तर पाटणच्या बाईला कळणार, की मुलीला हे माझ्या शिस्तीनं दिलं. नाही सांगितलं तर तिसरीला जाणार. तरीही मी एक अख्खा दिवस गप्प बसले. त्या दिवसाचं समर्थन माझ्याकडे नाही.

दुसऱ्या दिवशी सांगितलं. सिस्टर रागावल्या नाहीत.

"मध्ये मोजे बदलायचात?"

"नाही. आमचे हात घाण होऊ नयेत म्हणून घालायचो."

माझं वाक्य त्यांनी जसंच्या तसं लिहून घेतलं. मग तिथूनच फोन करून तक्ता काढायला आणि प्रत्येक खाटेला वेगळा मग द्यायला सांगितलं.

संध्याकाळी पाटणची बाई काचेपाशी आली. सिस्टरांनी तिलाही विचारलं होतं. मी दाराला तोंड लावून उभी राहिले. मोठ्यानं बोलावं लागत होतं.

"माझ्याच हातानं ग्येलं व्हय, ताई?"

"माझ्याही हातानं गेलं असेल. पाळ्या मी लावल्या. नेमकं कुणाच्या हातानं, ते आता सांगता येणार नाही, असं सिस्टर म्हणाल्या."

"सांगता येत न्हाई, तर इचारत्यात कशाला?"

"खाली दोघी आहेत अजून."

तिनं काचेवर तळवा टेकला. "त्यांचं बरं झालं मग," म्हणाली. त्यात टोमणा होता की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. मग ती पोरीकडे गेली.

आत्यांना घरी सोडलं तेव्हा ती मुलगी आयसीयूतच होती. बाहेरच्या बाकावर तिची आई बसलेली असणार, हे मला माहीत होतं. तिच्याकडे जायला आता कुणी मला अडवलं नसतं. मी सही केली, आत्यांची खुर्ची ढकलत लिफ्टकडे नेली आणि तळमजल्याचं बटण दाबलं.