वॉटर पार्कच्या फाटकाबाहेरच्या दशम्या

बायकोने पहाटे उठून केलेल्या दशम्यांचा डबा मी मुद्दाम घरी ठेवला. नगरजवळच्या वॉटर पार्कला घरचं बांधून नेणं मला गावंढळ वाटलं. त्याऐवजी मी जेवणाची तीन कुपनं काढली. त्यातलं एक साडेचार वर्षांच्या लेकीसाठी होतं. वरणात जिऱ्याचा एक दाणा दिसला तरी ही बया ताट ढकलते.

आमच्या ताटातला पनीर रस्सा बघूनच तिने भोकाड पसरलं. "घरी चला," एवढंच म्हणत राहिली. तो रस्सा मी चाखला. तलावातलंच पाणी तिखट घालून उकळलं असावं. तिचं कुपन कुणी परत घेईना. शेवटी बायकोची नजर चुकवत लेकीला कडेवर घेऊन मी बिस्किटं शोधायला फाटकाबाहेर आलो.

टेम्पोच्या सावलीत तिसगावकडची एक आजी तीन नातवंडांना भरवत होती. आत डबा नेऊ देत नाहीत, म्हणून तिने पोरांनाच बाहेर आणलं होतं. ती कुणालाही 'खा' म्हणत नव्हती. दशमीचा तुकडा मोडायचा, गूळ लावायचा आणि रांगेतल्या पुढच्या तोंडात घालायचा. माझी लेक गुपचूप रांगेच्या टोकाला जाऊन बसली. अशा दोन दशम्या तिने संपवल्या.

"आईने पण केल्या होत्या," ती म्हणाली. "बाबांनी घरीच ठेवल्या."

आजीने माझ्याकडे आणि हातातल्या कुपनाकडे बघितलं, बोटावरचा गूळ चाटला आणि लेकीला म्हणाली, "बाय, पुढच्या टायमाला डबा आन. बापाला ठिव घरी."