शिस्तीची कीड

त्या उन्हाळ्यात मी रोज संध्याकाळी चांगलं नवीन लाकूड साखळीनं बडवत होते.

जर्मनीत वाल्डॉर्फजवळच्या आमच्या गल्लीत सगळी घरं जुनी, पांढऱ्या भिंतींवर काळ्या लाकडी पट्ट्यांची. मधे आमचं नुकतंच घेतलेलं घर, बुटांच्या खोक्यासारखं. (ही उपमा शेजारच्या फ्राऊ केलरची, म्हणजे केलरबाईंची.) मी बाऊमार्क्टमधून, म्हणजे बांधकामाच्या सामानाच्या दुकानातून, पाइनच्या फळ्या आणल्या, जुन्या दिसाव्यात म्हणून झोडपल्या, खिळ्यानं किडीची भोकं पाडली, काळा रंग फासला आणि भिंतीवर ठोकल्या. आता बोल म्हणावं!

ती बोललीच. "कुठून आणल्या?"

"एका पडक्या कोठारातून," मी ठोकून दिलं.

"उतरवा. ही कीड माझ्या घरात शिरेल."

"नाही उतरवणार."

वास्तुशांतीच्या सकाळी फ्राऊ केलर हात बांधून कुंपणाशी उभी आणि सासूबाई आमच्या दारात! पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी भिंत पाहिली आणि पाऊल मागे घेतलं.

"नव्या घराला जुनं लाकूड? तेही किडकं? मी आत यायची नाही."

आत गुरुजी खोळंबलेले.

"आई, नवीन आहे ते. मीच किडवलंय."

"असं कोण करतं?"

"विचारा तुमच्या मुलाला."

"गेनाऊ," मिलिंद म्हणाला. (म्हणजे 'अगदी बरोबर'. नवऱ्याची साथ एवढीच.)

मी पटाशीनं फळी खरवडून आतलं पांढरं लाकूड दाखवलं.

"खरवडल्यावर कुठलंही लाकूड पांढरंच दिसतं," सासूबाई म्हणाल्या. मग चष्मा लावून त्या भोकांपाशी गेल्या. बोट फिरवलं. "ओळीत ठिपके! आणि शेवटची ओळ उजवीकडे घसरलीय. हिची रांगोळी दरवर्षी अशीच घसरते. नवीनच आहे हो लाकूड." आणि उजवं पाऊल टाकून आत गेल्या.

"काय म्हणाल्या त्या?" फ्राऊ केलरनं विचारलं.

मिलिंदला खोटं येत नाही. त्यानं रांगोळीसकट सगळं जर्मनमध्ये सांगितलं.

"म्हणजे कीड नाही?" तिचे हात सुटले. "आणि ते कोठार?"

"तेही मीच बांधलं होतं," मी म्हटलं. "या प्रसादाला."

बाई आली, दोनदा शिरा घेतला आणि जाताना त्या भोकांचा फोटो काढून गेली. 'आता तरी काढ त्या फळ्या,' असं मिलिंद अधूनमधून सुचवतो. का म्हणून काढू? एवढी शिस्तीची कीड गल्लीत दुसऱ्या कुणाकडे आहे?