सातवा बार

भूगर्भशास्त्र शिकत असताना मी वालीव गावामागच्या दगडखाणीत नमुने घ्यायला गेले होते. तिथं सुरुंग लावणारा एक उतारवयाचा माणूस होता. सात भोकांच्या वाती पेटवून तो माझ्याशेजारी आडोशाला बसला आणि बोटांवर बार मोजू लागला. बार थांबून धूर निवळताच मी उठले. त्यानं मनगट धरून मला खाली ओढलं.

"सहाच झाले, पोरी. हलू नको."

भीती लपवायला मी बोलत सुटले. पृथ्वीच्या खूप खोलातून तापलेला खडक वर येतो, दाब कमी झाला की वितळतो. हा डोंगर त्याच लाव्ह्याचा. पुढे आपली जमीन उत्तरेला सरकत गेली. तो उष्ण झोत मात्र जागीच राहिला आणि समुद्रात एकामागून एक बेटं उभी राहिली.

"आता इझला का तो?" भोकावरची नजर न काढता त्यानं विचारलं.

"नाही. शेवटच्या बेटावर लाव्हा अजून येतो."

"आनि तिथं मानसं राहतात?"

"राहतात."

"मग कोन तरी मोजत असंल."

तेवढ्यात सातवा बार झाला. मी जिकडे निघाले होते ती जागा दगडांखाली गेली.  त्यानं सातवं बोट मिटलं आणि म्हणाला, "आता जा."