ढोलीसमोरचा आडोसा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगते आहे? — माहीत नाही.

मी दिल्लीत सरकारी नोकरी करते, आणि सुट्टीत पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद. माझा एक फोटो ऑफिसात लिफ्टशेजारी लावलाय — अरुणाचलच्या सदाहरित जंगलातला धनेश, चोचीत फळ, पंख पसरलेले. लोक म्हणतात, बायकोला घास घेऊन कसा येतोय बघा! मी हसते. काय करणार?

धनेशाची मादी अंडी घालायला झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते. ढोलीचं तोंड लिंपून टाकते, चोचीपुरती फट ठेवते. मग नर आणील तेच खायचं. त्या डोंगरावर मोठी झाडं उरलीच नव्हती — काही रस्त्यात गेली, काही शेतीत. हे एक ढोलीचं झाड तेवढं गावानं राखलेलं. मी ज्याच्या घरी उतरले होते तो ताबा नावाचा माणूस आणि गावकरी आळीपाळीनं तिथे पहारा करायचे. दिल्लीतली एक संस्था त्यासाठी मदत द्यायची.

वेलींमुळे ढोली नीट दिसेना. ताबा बाजाराला गेला तेव्हा मी त्याच्याच घरचा कोयता उचलला आणि — हो, मीच — समोरचा सगळा आडोसा तोडला. मग उघड्यावर ठाण मांडून बसले. नर आला, मला पाहून बुजला, वळला. पुन्हा आला, पुन्हा वळला. फोटोत तो येत नाहीये, परत चाललाय. मला कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. तरी उठले नाही. दुसऱ्या दिवशीही जाऊन बसले. मग तो यायचाच थांबला, आणि मी दिल्लीला परतले.

काही दिवसांनी ताबाचा फोन आला. "मॅडम, मादा अंदर ही मर गया. बच्चा भी."

संस्थेनं मला विचारलं, तुम्ही तिथे होतात, काय झालं असेल? मी म्हणाले — गावातल्याच कुणीतरी नराची शिकार केली असणार. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! मदत थांबली, पहारा उठला, पुढच्या हिवाळ्यात ते झाडही तोडलं गेलं.

मदत थांबली तेव्हा ताबानं पुन्हा फोन केला होता. "हम लोग नहीं मारा, मॅडम. आप तो इधर ही था ना? आप बोलो ना उनको."

"बिल्कुल," मी म्हणाले, "बोलती हूँ."

मी बोलले नाही.