चुनखडीवरचा आंबा

किश्श्यांचं चुनखडीसारखंच असतं बघा. पाणी जमिनीतून वर येतं, उडून जातं, चुना तेवढा मागं राहतो आणि थरावर थर चढून घट्ट होतो. साताऱ्यातल्या आमच्या माती तपासणीच्या ऑफिसातले दिवस असेच उडून गेले. माने साहेब, जीपचा ड्रायव्हर तानाजी आणि मी. लय मजा होती राव!

*

पाटणच्या वरचं पठार. साहेब जांभ्या दगडावर बूट आपटून समजावत होते, "पाऊस बाकी सगळं धुऊन नेतो. लोखंड तेवढं राहतं, त्याचंच हे कवच."

तानाजी मिलिटरीतून रिटायर होऊन आलेला. म्हणाला, "म्हंजे पेन्शनीतला फौजीच की, सायेब!"

साहेब हसता हसता खालीच बसले.

*

विट्याजवळच्या एका रानात साहेबांनी ढेकळावर ॲसिडचे थेंब टाकले. फसफसून फेस आला, म्हणजे चुना! शेताचे मालक परमुलखात सोनं गाळायचं दुकान चालवून परतलेले. ते बघतच राहिले.

"आवं सायेब, आमी जलमभर तेजाबातनं सोनं काढलं. तुमी चुनाच काढलासा की!"

*

तानाजीचं घरही विट्याकडंच. बायको सुनंदावहिनी पाटणच्या. माहेरी दारात आंबा, तसा इथं हवा, एवढा एकच हट्ट. पण लावलेलं प्रत्येक रोप उन्हाळ्यात मान टाकायचं. साहेबांनी खड्डा घेतला, तर हातभर खाली पांढरा, कडक थर.

"वहिनी, बंबात आतून पांढरं बसतं ना, तेच हे. मूळ खाली जाणारच नाही."

"बंबातलं चिंचंच्या पाण्यानं सुटतंय की. रानाला किती पोती चिंच लागंल?"

पुढच्या रविवारी साहेब स्वतःच पहार घेऊन हजर. "जगायचं नाही हां हे झाड," असं बडबडत दिवसभर थर फोडत राहिले. आम्ही तलावातला गाळ भरला, वहिनींनी रोप लावलं.

*

गेल्या मे महिन्यात तानाजी आणि मी साहेबांच्या घरी गेलो. साहेबांना आता माणसं ओळखू येत नाहीत. तानाजीनं पिशवीतून आंबा काढून फोडी केल्या. साहेबांनी एक खाल्ली, डोळे मिटून चोखून चोखून खाल्ली.

"कुठला?"

"माझ्या दारातला, सायेब. विट्याचा."

"शक्यच नाही! चुनखडी आहे तिथं." आवाज तोच, जुना. मी तानाजीकडं पाहिलं. उभ्या नोकरीत साहेबांचं एक वाक्य त्यानं उत्तराशिवाय सोडलं नव्हतं.

"व्हय, सायेब," तानाजी म्हणाला. "तितं आंबा न्हाई येत."

आणि त्यानं दुसरी फोड पुढं केली.