भेदऱ्यांची दाटी

माझं रोप वाफ्यात दाटलं होतं आणि मी बाहेरची बसले होते. गोठ्यालगतच्या पडवीत, घोंगडीवर. तिथून अंगणातला वाफा समोर दिसत होता, पण बाहेरच्या बाईची सावलीसुद्धा रोपाला चालत नाही, हे आमच्याकडे पक्कं होतं.

इंग्रजी अमलातली ती वर्षं. मेडशीत आमच्या आळीत भेदरं, म्हणजे टोमॅटो, कोणी दारी लावत नसे. लाल रंगामुळं सासरची माणसं त्याला मटणाच्या पंगतीला बसवायची. मी माहेरी, वाशीमच्या बाजारातल्या भेदऱ्याचं बी राखेत घोळून वाळवलं होतं आणि पदराला बांधून आणलं होतं. सासूबाईंनी नाक मुरडलं, तरी न्हाणीच्या पाण्यावर एक वाफा दिला. बी मी हावरटासारखं दाट फेकलं. आता रोपं एकमेकांच्या उरावर बसून नुसती उंच चालली होती. दाटी काढायला हवी होती आणि माझे हात शिवशिवत होते.

खरं सांगायचं तर दुखणं रोपांचं नव्हतंच. महिना चुकत नव्हता, हे दुखणं होतं. लग्नाला वर्षं झाली होती. मी पडवीत बसले की घरादाराचे चेहरे उतरायचे. त्या दिवशी सासूबाईंच्या थोरल्या जाऊ, माझ्या चुलतसासू, सकाळीच आल्या होत्या. शेलूबाजाराकडची एक पोरगी त्यांनी माझ्या नवऱ्यासाठी हेरून ठेवली होती. ओसरीवर तेच बोलणं चाललं होतं आणि मला अर्धंमुर्धं ऐकू येत होतं. मी उठत होते, बसत होते, घोंगडीचे धागे उपसत होते.

एकाएकी सासूबाई ओसरीवरून उठल्या आणि तडक वाफ्याशी आल्या. "कसं करू, सांग," त्या मला म्हणाल्या.

"बारकी उपटा, आत्याबाई. दणकट ठेवा. उपटलेली फेकून द्या."

"फेकू कायले? जितं हाय ते."

त्यांनी एकही फेकलं नाही. कुंपणाशी, तुळशीमागं, फुटक्या घागरीत, जागा दिसेल तिथं त्या रोप लावत सुटल्या, आणि तेही मिरचीसारखं वरवर. मला राहवेना.

"गळ्यापर्यंत पुरा ना. अशानं लवंडतीन सारी."

"मिरची अशी पुरते काय कोणी?"

"भेदरं हाय ते, मिरची नोहे," मी फणकारले. सासूशी असं बोलायची तेव्हा प्राज्ञा नव्हती. त्यांनी मुकाट्यानं रोप काढून पुन्हा खोल लावलं.

चुलतसासू पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. "कायले चिखलात हात घालून राह्यली व? फळ धरेपर्यंत ही इथं थोडीच राह्यते. नवी येईन तिले भेदरं चालते का, ते पाह्य आधी."

मी घोंगडीचा उपसलेला धागा बोटाला करकचून गुंडाळला.

सासूबाईंनी मान वर केली नाही. हातातलं रोप पानांपर्यंत पुरलं, बोटांनी माती दाबली. "बाई, मले दुसरी सून नोको. पोरालेही सांगून ठेवलं मी. तुमी जेवून जा."

चुलतसासू न जेवताच गाडीत बसल्या. मी गुडघ्यांत तोंड घालून हमसून हमसून रडले. सासूबाई पडवीपासून हातभर लांब येऊन थांबल्या. त्यांना मला शिवता येत नव्हतं.

"रडू नोको," त्या म्हणाल्या. "पाणी किती टाकू, ते सांग."