नियत कमी पडतेय!

चहा पिऊन घ्या आधी, कारण पुढचं ऐकताना ठसका लागेल. कोयनानगरच्या रस्त्यावर मी जे केलं ना, त्याला गाढवपणा म्हटलं तर गाढवं माझ्यावर केस करतील!

झालं काय, इक्बालच्या भाचीचा निकाह होता कोयनानगरला. इक्बाल म्हणजे सांगलीत माझ्या पाइपांच्या दुकानाशेजारी मोटार रिवाइंडिंग करणारा माझा दोस्त. भाचीला वडील नाहीत. तिच्या बाजूनं उभं राहायचं ते ह्या मामानंच. म्हणजे हा वेळेवर पोचला नाही तर सगळं अडणार! मी ऐटीत म्हटलं, "बस गड्या माझ्या गाडीत."

सोबत आमचे डॅनियलसर. मिरजेचे, शाळेतून निवृत्त, रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवणारे. ते पुढं माझ्या शेजारी. मागं इक्बाल, नव्या कोऱ्या शेरवानीत, आणि माझी बायको पद्मा. पद्मा गाडीत बसली की झोपते. कराड यायच्या आत तिची मान खिडकीला टेकली होती.

पाटण मागं पडलं आणि ह्या दोघांचं सुरू झालं.

"सर, माझी बहीण बघा," इक्बाल म्हणाला. "नवरा गेल्यावर शिलाई करून पोरगी शिकवली. वर शेजारच्या म्हातारीला रोज जेवायला घातलं. तिला जन्नत नक्की हाय."

"देव करो आणि तसंच होवो. पण इक्बाल, ती कमाई नव्हे रे. तारण, म्हणजे पापातून सुटका, ही देवाची देणगी. विश्वासानं हात पुढं करायचा, बस्स. आपल्या कामाच्या जोरावर ते कुणी मिळवू शकत नाही."

"म्हंजे येवढी राबली ते वाया?"

"वाया कुठं म्हटलं मी?"

आवाज चढले. मी आरशात पाहिलं, तर इक्बाल लालबुंद! आता सांगा, निकाहाच्या दिवशी नवरीचा मामा आणि पाहुणा धर्मावरून हातघाईवर आले तर? कुणीतरी मध्ये पडायलाच हवं होतं. आणि गाडीत शहाणा असा मी एकटाच!

भर चढावर मी गाडी कडेला घेतली, टुणकन खाली उडी मारली आणि ओरडलो, "उतरा! दोघंही उतरा!"

दोघं बुचकळ्यात पडून उतरले. मी कमरेवर हात ठेवले. "भांडता कशाला? किती सोपं आहे! सरांकडं फुकट प्रवेश. विश्वास ठेवला की पुढं काहीही करा, चालतंय. इक्बालकडं तिकीट. काम केलं की आत, मग विश्वास असो नसो. दोघंही बरोबर! मिळवा हात!"

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. आणि मग दोघंही माझ्यावर आले!

"काहीही करा चालतंय?" सर कडाडले. "अहो अण्णा, विश्वास खरा असेल तर माणूस चांगलं केल्यावाचून राहीलच कसा? आंब्याचं झाड जिवंत आहे म्हटल्यावर आंबा येणारच की!"

"आनि इमान असो नसो, हे तुला कुनी सांगितलं रं?" इक्बाल म्हणाला. "इमान पहिलं! त्येच्या जोडीला नेक अमल, म्हंजे चांगली कामं, आनि नियत साफ पायजे. येवढं करूनबी शेवटी अल्लाची रहमत, त्येची दया. नुसत्या आपल्या कामावर कोन जन्नतीत जातंय?"

"हेच तर मी म्हणतोय!"

"सगळं हेच न्हाई सर. पर आज लय जवळ आलाय!"

आणि दोघं खदाखदा हसायला लागले. भांडण नव्हतंच हो! भेटले की त्यांचं हे असंच चालतं म्हणे, वर्षानुवर्षं. "चल आता," इक्बाल घड्याळ बघत म्हणाला, "काजीसाब येऊन बसले आसतील."

मी गाडी सुरू केली. गाडी गुरगुरली, मागून दबली आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा तेच. जळका वास सुटला.

"क्लच गेला," मी जाणकारासारखं सांगितलं.

तेवढ्यात बहिणीचा फोन. "भाई, कुटं हाईस? सगळी वाट बघत्यात." इक्बालचा चेहरा पांढराफटक पडला. दोघं उतरून ढकलायला लागले. सुट्टीवर आलेला एक फौजी मोटारसायकलवरून चालला होता. "हटो चाचा, मी बघतो," म्हणत तोही भिडला. गाडी तसूभर हलेना! इक्बालची शेरवानी खांद्यात टर्रकन उसवली. सरांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

आणि मी? मी स्टेअरिंगवर बसून खिडकीतून ओरडतोय, "मनापासून लावा रे! नियत कमी पडतेय!"

ह्या ओरडण्यानं पद्मा जागी झाली.

"अहो, हे सगळे मागं काय करताहेत?"

"गाडी बिघडलीय. ढकलताहेत."

ती दोन सीटांच्या मधून वाकली. "मग हा हँडब्रेक कशाला ओढून ठेवलाय?"

मी गाडी सुरू केली. हळूच ब्रेक सोडला. मागून तिघांचा जोर होताच, गाडी अशी उसळून पुढं गेली की फौजी रस्त्यावर पालथा! उठून त्यानं माझ्याकडं जे पाहिलं, ते सीमेपलीकडच्यालाच बघायला मिळत असावं.

पण पोचलो! अगदी शेवटच्या घटकेला, पण पोचलो. भाची "कुबूल" म्हणाली तेव्हा उसवल्या शेरवानीतला मामा लहान पोरासारखा रडला, आणि सरांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मी आणि पद्मा शाकाहारी, म्हणून बहिणीनं आमच्यासाठी वेगळ्या भांड्यात मसालेभात केला होता. एवढ्या गडबडीत लक्षात ठेवलं तिनं!

जेवताना काजीसाहेब शेजारी येऊन बसले. पांढरी दाढी, प्रसन्न चेहरा. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "मामांना तुम्ही गाडीनं आणलंत म्हणे. मोठं सवाबचं, पुण्याचं काम केलंत."

मी नम्रपणे मान खाली घातली. तेवढ्यात समोरून इक्बाल म्हणाला, "काजीसाब, सवाब जरा राखून ठेवा. ढकलत आमी हुतो. ह्यो आत बसून आडवत हुता!"